रेंडर लावला की नवा पीसी रीस्टार्ट: दीड महिना छळलेल्या बिघाडाचा माग

लक्षण असं. पीसी एरवी दिवसभर नीट चालतो. ब्राउझर, एक्सेल, गाणी, कशालाच कुरकुर नाही. जड काम लावलं, म्हणजे रेंडर (थ्रीडी डिझाइनचं पक्कं चित्र तयार करणं), मोठा गेम किंवा व्हिडिओ एक्स्पोर्ट, की केव्हातरी स्क्रीन एकदम काळी होते, पंखे क्षणभर मंदावतात आणि मशीन आपलं आपण परत उठतं. निळी स्क्रीन नाही, एरर नाही, बीप नाही. काहीतरी उपाय केला की चार दिवस बरं, पाचव्या दिवशी पुन्हा तेच.

ज्याने आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःच्या हाताने पीसी जोडलाय त्याला हा प्रकार जास्त छळतो, कारण पहिला संशय स्वतःच्या हातावर जातो. माझा गेला. त्या संशयापायी मी काय काय उघडलं आणि बदललं ते सांगतो, म्हणजे तुमचा तेवढा वेळ वाचेल.

मी सोलापूरच्या पूर्व भागात राहतो. टॉवेल आणि चादरींची डिझाइनं करतो. सॅम्पल विणायच्या आधी माल कसा दिसेल ते कारखानदाराला ब्लेंडर या सॉफ्टवेअरमध्ये थ्रीडी करून दाखवायचं, हे माझं काम. जुन्या लॅपटॉपवर टॉवेलचे ते उभे धागे रेंडर करायला रात्र जायची. म्हणून जानेवारीत, गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत काम जरा सैल होतं तेव्हा, सुटे पार्ट आणून डेस्कटॉप जोडला. रायझन ५ ५६००, बी५५० मदरबोर्ड, ८ जीबीच्या दोन रॅम, आरटीएक्स ३०६०, ५५० वॅटचा एसएमपीएस (पार्टांना वीज पुरवणारा डबा) आणि एनव्हीएमई एसएसडी.

पहिल्या दिवसाची भानगड वेगळी होती, ती पटकन उरकतो. बटण दाबलं, पंखे फिरले, दिवे लागले, स्क्रीन कोरी. दोन तास घाम गाळल्यावर कळलं की मॉनिटरची केबल मी मदरबोर्डच्या एचडीएमआयला लावली होती. रायझन ५ ५६०० मध्ये ग्राफिक्स नसतंच, त्यामुळे त्या पोर्टातून चित्र येणं शक्यच नव्हतं. केबल ग्राफिक्स कार्डला लावली आणि काम झालं. तुमची स्क्रीन पहिल्याच दिवशी कोरी असेल तर हे आधी बघा. मग प्रोसेसरजवळची ८ पिनची पॉवर केबल लावलीय का, आणि दोनच रॅम असतील तर त्या प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत आहेत का, ते. रॅम दाबताना मदरबोर्ड वाकतोय की काय अशी भीती वाटते. तरी टक् आवाज येईपर्यंत दाबायचीच. असो. खरा त्रास होळीनंतर सुरू झाला.

मी जे जे केलं आणि जे फुकट गेलं

पहिल्यांदा रीस्टार्ट झाला तेव्हा दुर्लक्ष केलं. तिसऱ्यांदा झाला तेव्हा रॅम काढली, पेन्सिलच्या खोडरबराने तिचे सोनेरी पट्टे पुसले आणि परत बसवली. हा सोलापुरातल्या प्रत्येक कॉम्प्युटर दुकानातला पहिला उपचार आहे, घरातल्या ओव्यासारखा. पाच दिवस काही झालं नाही. मी मित्रांना सांगूनही टाकलं की रॅम सैल होती. सहाव्या दिवशी दुपारी, ८० टक्के झालेला रेंडर गेला.

मग एक्सएमपी, म्हणजे रॅम जास्त वेगाने चालवणारी सेटिंग, बंद करून रॅमचा वेग उतरवला. रात्रभर मेमटेस्ट८६ ही रॅमची चाचणी चालवली, एकही चूक निघाली नाही. तेव्हा रॅमचा नाद सोडला आणि उष्णतेच्या मागे लागलो. हा संशय तर डोक्यात घट्टच बसला, कारण रीस्टार्ट बहुतेक वेळा दुपारी व्हायचे. मार्च सरत आलेला, बाहेर पारा चाळिशीला टेकलेला, वर पत्र्याची खोली, शेजारी माग. आमच्याकडे हवेत कापसाचे बारीक तंतू कायम उडतात. महिनाभरात कॅबिनेटच्या जाळीवर ते गालिच्यासारखे जमतात. दुपार, ऊन, जड काम आणि बंद पडणं, एवढं सगळं एका ओळीत आल्यावर दुसरं कारण सुचणार कुठून?

जाळी साफ केली. कूलर काढून थर्मल पेस्ट नव्याने लावली. पुढून हवा आत घेणारा आणखी एक पंखा घातला. एकदा तर घरातला पाण्याचा कूलर कॅबिनेटसमोर आणून ठेवला. हे अजिबात करू नका. ओलसर हवा मदरबोर्डवर मारण्यात काही शहाणपण नाही, आणि वडिलांनी मला त्या दिवशी दिलेल्या शिव्या योग्यच होत्या.

एवढं करून मग एचडब्ल्यूइन्फो हा प्रोग्राम लावून तापमान बघितलं. हेच सगळ्यात आधी करायला हवं होतं. भर रेंडरमध्ये प्रोसेसर ७४, ग्राफिक्स कार्ड ७१. या प्रोसेसरची मर्यादा ९० अंश. आणि ९० ला टेकला तरी तो लगेच बंद पडत नाही, आधी वेग कमी करून स्वतःला सांभाळतो. म्हणजे उष्णता असती तर बंद पडण्याआधी काम मंदावलेलं दिसलं असतं. शिवाय फार तापून मशीन पडलं तर ते बहुतेक वेळा बंदच राहतं. माझं तर दोन सेकंदात उठून उभं राहत होतं. हा फरक लक्षात ठेवा, त्यात अर्धं निदान आहे.

विंडोज पुन्हा टाकून झालं. ड्रायव्हर बदलून झाले. शेवटी मशीन उचलून नव्या पेठेतल्या एका दुकानात नेलं. तिथे दोन तास स्ट्रेस टेस्ट लावली, मशीनने डोळासुद्धा मिचकावला नाही. दुसऱ्या दिवशी परत नेलं, पुन्हा तेच. दुकानातला पोरगा म्हणाला, "दादा, मशीन एकदम ओके आहे. तुम्हीच काहीतरी करायलाव." मी चिडून घरी आलो. माझी तक्रार कुणी मनावर घेत नाही असं वाटत होतं, पण त्या दोन तासांत मला आख्ख्या प्रकरणातला सगळ्यात मोठा पुरावा मिळाला होता. तेच मशीन, तेच ओझं, फक्त भिंत दुसरी.

इव्हेंट व्ह्यूअरमधल्या वेळा

या काळात एक काम मात्र बरोबर झालं. विंडोजमध्ये इव्हेंट व्ह्यूअर नावाची वही असते. स्टार्टमध्ये नाव टाइप करून उघडा, विंडोज लॉग्जमध्ये सिस्टीमवर जा आणि लाल खुणांमध्ये कर्नल-पॉवर ४१ शोधा. मशीन नीट बंद न होता पुन्हा सुरू झालं की विंडोज उठल्यावर ही नोंद करतं. लोक ४१ बघून घाबरतात, पण त्यात कारण नसतं, फक्त बातमी असते. तिच्या तपशिलात बगचेक कोड नावाची एक ओळ असते, कामाची गोष्ट ती. तिथे शून्याशिवाय दुसरा आकडा असेल तर विंडोज स्वतः कोसळलंय, म्हणजे ड्रायव्हर, रॅम असल्या गोष्टींकडे वळा. शून्य असेल तर विंडोजला काही लिहायलाही वेळ मिळाला नाही, बहुधा वीजच गेली किंवा मशीन गोठलं. आजूबाजूला डब्ल्यूएचईए-लॉगरच्या, म्हणजे हार्डवेअरच्या, चुका दिसल्या तर प्रोसेसर किंवा त्याच्या सेटिंगवर संशय घ्यायला जागा आहे. माझ्याकडे त्या नव्हत्या. सगळे शून्य.

निळी स्क्रीन येऊन दिसायच्या आतच मशीन रीस्टार्ट होतंय अशी शंका असेल तर सिस्टीम प्रॉपर्टीज, अ‍ॅडव्हान्स्ड, स्टार्टअप अँड रिकव्हरी इथे जाऊन ऑटोमॅटिकली रीस्टार्टची खूण काढून टाका. मग निळी स्क्रीन असेल तर ती थांबून राहते.

मी ४१ च्या सगळ्या नोंदींच्या वेळा कागदावर उतरवल्या. २३ होत्या. १९ दुपारी बारा ते पाचच्या मधल्या, तीन संध्याकाळच्या आणि एक रात्री सव्वाअकराची. ती सव्वाअकराची मला खुपायला लागली. त्या रात्री वळवाचा पाऊस पडून गारवा आला होता. खोली थंड, मशीन थंड, तरी पडलं. पाऊस पडला म्हणजे सोलापुरात आणखी काय होतं, हे मला तेव्हाही सुचलं नाही.

आप्पांचा कान

वडील, आप्पा, यांचं आयुष्य मागावर गेलं. त्यांना आता थोडं कमी ऐकू येतं असं घरात सगळे समजतात, पण ते खरं नाही. माणसांचं बोलणं ते सोडून देतात, यंत्राचं नाही. माग बिघडायच्या आधी आवाज बदलतो आणि तो ज्याला कळत नाही त्याचा ताणा तुटतो, एवढं त्यांच्या अंगात भिनलंय.

एप्रिलमधली दुपार. आप्पा माझ्या खोलीत खाटेवर पडले होते, मी रेंडर लावून समोर बसलो होतो. पीसी काळा झाला आणि परत उठला. मी डोक्याला हात लावला. आप्पा डोळे न उघडता म्हणाले, "लाईट गेली की रे."

मी म्हटलं, "कुठं आप्पा, पंखा चालू आहे की."

"पंख्याचा सूर बदललाय. ऐक."

ऐकलं. खरंच, पंखा आता घूं घूं करत होता. बाहेर येऊन बघितलं तर इन्व्हर्टरवरचा मेन्सचा दिवा विझलेला, बॅटरीचा लागलेला. शेजारचे माग बंद. पाच मिनिटांनी लाईट आली, पंख्याची घुरघुर गेली.

दिवसा ट्यूबलाईट बंद असते. पंखा क्षणभरही थांबत नाही. त्यामुळे लाईट गेली आणि इन्व्हर्टर लागला हे घरात कुणाला कळतच नाही. इन्व्हर्टर घेतलाच त्यासाठी. कळत होतं ते एकट्या पीसीला. उन्हाळ्याच्या दुपारी कूलर आणि एसीचा भार वाढतो, फीडर ट्रिप होतो, वळवाच्या पावसात तार तुटते. दुपारशी नातं उन्हाचं होतंच, पण ऊन माझ्या कॅबिनेटमध्ये न शिरता तारेत शिरलं होतं.

मग हलक्या कामात का पडत नाही?

हा प्रश्न मलाही पडला, कारण लाईट जाणं हे कारण असेल तर ब्राउझर उघडा असतानाही पीसी पडायला हवा. याचं उत्तर एसएमपीएसच्या पोटात आहे.

तिथे एक मोठा कपॅसिटर असतो. भिंतीतून येणारी वीज थांबली तरी त्यातल्या साठ्यावर एसएमपीएस थोडा वेळ तग धरतो. पीसीच्या एसएमपीएससाठीच्या एटीएक्स मानकाप्रमाणे हा वेळ पूर्ण ओझ्यावर साधारण १६-१७ मिलिसेकंद असावा लागतो. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेचा एक फेरा २० मिलिसेकंदांचा, म्हणजे पूर्ण एक फेराही नाही. पण हा हिशोब पूर्ण ओझ्याचा. सोलापूरकरांना हे समजावून सांगायला नको, कारण चार-चार दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या गावात आपण सगळे टाकीवर जगतो. घरात दोघंच असले तर टाकी पुढच्या पाण्यापर्यंत पुरते. त्याच घरात लग्न निघालं तर दुसऱ्या दिवशी टँकर बोलवावा लागतो. टाकी तेवढीच.

माझा पीसी रिकामा बसलेला असताना ५०-६० वॅट ओढतो. रेंडरमध्ये एकट्या ग्राफिक्स कार्डची मर्यादा १७० वॅट, प्रोसेसर आणि बाकीचं धरून ३०० च्या आसपास. म्हणजे पाचपट खर्च, आणि टाकी पाचपट लवकर रिकामी.

आता दुसरी बाजू. घरगुती इन्व्हर्टरला लाईट गेल्याचं ओळखून बॅटरीवर यायला वेळ लागतो, त्याला चेंजओव्हर म्हणतात. बहुतेक इन्व्हर्टरवर, मागे किंवा पुढच्या पॅनेलवर, एक छोटा स्विच किंवा सेटिंग असतं: एक यूपीएस मोड आणि दुसरा नॉर्मल किंवा इको मोड. कंपनीप्रमाणे आकडे थोडे बदलतात, पण यूपीएस मोडमध्ये हा वेळ साधारण १० ते १५ मिलिसेकंद असतो आणि दुसऱ्या मोडमध्ये ४० पर्यंत जाऊ शकतो. पंख्याला आणि ट्यूबला त्याने फरक पडत नाही. माझा स्विच इतकी वर्षं नॉर्मलवर होता, कारण कुणाला कधी गरजच पडली नव्हती. रिकामा पीसी ते ३०-४० मिलिसेकंद काढत होता, रेंडरमधला पीसी कधी काढत होता, कधी नाही. म्हणूनच प्रत्येक उपायानंतर "चार दिवस बरं" वाटायचं. त्या चार दिवसांत एकतर लाईट गेली नव्हती, नाहीतर गेली तेव्हा रेंडर चालू नव्हता.

खात्री करून घेतली. सगळं काम सेव्ह केलं, महत्त्वाच्या फाइली पेनड्राइव्हवर घेतल्या, मग आप्पांना इन्व्हर्टरचा मेन्स स्विच बंद-चालू करायला सांगितलं. पीसी रिकामा असताना पाच वेळा: पाचही वेळा टिकला. रेंडर चालू असताना पाच वेळा: चार वेळा पडला. स्विच यूपीएस मोडवर टाकून पुन्हा पाच वेळा: एकदाही नाही. दीड महिन्याचं कोडं वीस मिनिटांत सुटलं आणि एक रुपया खर्च झाला नाही. ही चाचणी वारंवार करू नका, एसएसडीला आणि विंडोजला अशी अचानक वीज जाणं मानवत नाही. पण एकदा करून बघायला हरकत नाही. रॅम दहादा काढण्यापेक्षा ती बरी.

इथे एक सावधगिरी. बगचेक शून्य आणि जड कामात रीस्टार्ट, हे लक्षण कमजोर एसएमपीएसचंही असतं. ग्राफिक्स कार्ड काही क्षणांपुरतं फार वीज ओढतं आणि हलका एसएमपीएस तिथे हात टेकतो. फरक करायचा तर मशीन दुसऱ्या घरी, दुसऱ्या भागात न्या आणि तेच काम तासभर लावा. तिथेही पडलं तर दोष मशीनमध्ये. तिथे टिकलं तर घरी येऊन स्विचकडे बघा.

दोन आठवड्यांनी पुन्हा

इथेच गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. मेच्या पहिल्या आठवड्यात पीसी पुन्हा पडला. पण या वेळी मी आधी आजूबाजूला बघितलं: पंखाही थांबला होता. हा वेगळा आजार होता. फक्त पीसी पडला आणि पंखा चालू राहिला तर चेंजओव्हरचा वेळ. पंखासुद्धा थांबला तर इन्व्हर्टरच झोपला.

झालं असं होतं. यूपीएस मोडमध्ये इन्व्हर्टर व्होल्टेजच्या बाबतीत चोखंदळ होतो. नॉर्मल मोडमध्ये तो १०० ते २९० व्होल्टपर्यंत जे येईल ते तसंच पुढे पाठवतो. यूपीएस मोडमध्ये साधारण १८० ते २६० च्या बाहेर गेलं की सरळ बॅटरीवर येतो. आमच्या गल्लीत दुपारी सगळे माग चालू असताना व्होल्टेज पडतं. मल्टिमीटर लावून बघितलं तर तीन वाजता १७६. म्हणजे लाईट असतानाही इन्व्हर्टर दिवसातून कितीतरी वेळा बॅटरीवर जात होता, बॅटरी पुरती भरतच नव्हती, आणि त्यात मी ३०० वॅटचं रेंडर चढवलं होतं.

बॅटरी बघितली तर सहापैकी चार तरंगणारे दांडे तळाला गेलेले. उन्हाळ्यात पाणी लवकर उडतं हे माहीत असून वर्षभर कुणी बघितलं नव्हतं. डिस्टिल्ड वॉटर घातलं, नळाचं नाही, आणि खुणेच्या वर भरलं नाही. पण बॅटरी पाच वर्षांची. पाणी घालून तिचा जीव थोडा परतला, तरुण झाली नाही.

या सगळ्या उद्योगात वायरमनला बोलावलं तेव्हा आणखी एक निघालं. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावला की मला कधीकधी मुंग्या यायच्या. मी ते थंडीतल्या स्वेटरच्या ठिणग्यांसारखं काहीतरी समजून सोडून दिलं होतं. प्रत्येक एसएमपीएसमध्ये विजेतला गोंगाट जमिनीत सोडण्यासाठी छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग नसेल तर तो प्रवाह जायला जागा मिळत नाही आणि बॉडीवर अर्ध्या व्होल्टेजइतकं, शंभराच्या पुढचं काहीतरी, तरंगत राहतं. त्यातून वाहणारा प्रवाह फार कमी, पण याचा अर्थ एवढाच की उद्या आत खरोखर काही शॉर्ट झालं तर तुम्हाला वाचवायला कुणी नाही. आमच्या त्या बोर्डाला तीन भोकं होती आणि तिसऱ्यामागे तारच नव्हती. रीस्टार्टशी याचा संबंध नव्हता, तरी हे आधी दुरुस्त करून घेतलं. एक गोष्ट लक्षात ठेवा: वायरमन म्हणाला की न्यूट्रलवरून अर्थला लूप मारून देतो, पटकन होईल, तर त्याला चहा पाजा आणि दुसरा वायरमन बोलवा. न्यूट्रल कुठे तुटला तर तुमच्या आख्ख्या कॅबिनेटमध्ये फेज येतो. अर्थची तार अर्थच्या खड्ड्यातूनच आली पाहिजे.

आता काय लावलंय

पीसीला इन्व्हर्टरच्या लाईनवरून काढलं. थेट मेन्सवरून एक स्वतंत्र पॉइंट घेतला, अर्थिंगसकट, आणि त्यावर पीसीसाठी वेगळा लाइन-इंटरॅक्टिव्ह यूपीएस ठेवला. घेताना दुकानदार व्हीए सांगतात, तुम्ही वॅट विचारा. ६०० व्हीएचा यूपीएस बहुधा ३६० वॅटचाच असतो. माझं ३०० आणि मॉनिटरचे २५-३० धरले तर तो पहिल्याच उन्हाळ्यात दमला असता. १००० व्हीए, ६०० वॅटचा घेतला. त्याचा चेंजओव्हर आकड्यात एकेरी मिलिसेकंद आहे. कमी व्होल्टेज तो बॅटरीला हात न लावता थोडं उचलून देतो, त्यामुळे तीन वाजताचे १७६ त्याला जड जात नाहीत.

पैसे वाचवायला हाच यूपीएस इन्व्हर्टरच्या लाईनवर लावावा, असं माझ्याही मनात आलं होतं. आमचा इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्ह आहे, म्हणजे त्याची वीज मेन्ससारख्या गुळगुळीत लाटेची (साइन वेव्ह) नसते, पंख्याची घुरघुर त्याचीच. त्या विजेला बरेच यूपीएस चांगली वीज समजतच नाहीत आणि आपली बॅटरी वापरत बसतात, मग दोन्ही बॅटऱ्या एकदम संपतात. तुमचा इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचा, बॅटरी नवी आणि घरात व्होल्टेज बरं असेल तर वेगळा यूपीएस नाही घेतला तरी चालेल. यूपीएस मोडवर टाका आणि बघा.

स्टॅबिलायझर घ्या, असं मला तीन जणांनी सांगितलं. स्वस्त स्टॅबिलायझर आत रिले टकटक करून व्होल्टेज बदलतो आणि त्या प्रत्येक टक् मध्ये वीज क्षणभर तुटते. मला ज्याचा त्रास होता तेच तो दिवसातून वीस वेळा करणार. एसएमपीएसच्या लेबलवर मात्र एकदा नजर टाका. काहींवर १०० ते २४० व्होल्ट असं लिहिलेलं असतं, ते कमी व्होल्टेजला दाद देत नाहीत. माझ्यावर २०० ते २४० आहे. पार्ट निवडताना मी वॅट बघितले, रंग बघितला, केबल सुट्या होतात का ते बघितलं. ही ओळ बघितली नाही. पुन्हा पीसी जोडला तर हीच आधी बघेन.

लांब लाईट गेली तर यूपीएस रेंडरमध्ये सातआठ मिनिटं देतो. तेवढ्यात सेव्ह करून बंद करायचं, बाहेर आप्पांसोबत बसायचं. त्याची बॅटरी लहान असते आणि आपल्याकडच्या उकाड्यात दोन-तीन वर्षांत ती बदलावी लागते, हे आत्तापासून धरून चाललोय.

जून संपला, जुलै गेला, इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ४१ ची एकही नोंद नाही. परवा मात्र एक दिसली. सकाळी ९ वाजून ४० मिनिटं. पोटात गोळा आला. वेळ आठवून बघितली: कॅबिनेटच्या जाळीवरचे तंतू उडवायला मी ६०० वॅटचा ब्लोअर आणला होता आणि भिंतीतलं सॉकेट लांब पडतं म्हणून तो यूपीएसच्याच मागे खोचला होता. रेंडर चालू होता.